पपनसाची वाटी

मंगळवार, २५ नोव्हेंबर

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहितो. खरं काय ते पुढे येईलच. शिलाईचं दुकान बरं चाललंय. मागच्या अंगणातलं तुझ्या आईचं पपनसाचं झाड ती गेल्यापासून पहिल्यांदाच असं लगडलंय, की फांद्यांना टेकू द्यावे लागले.

तू फोनवर पायांची सूज विचारलीस, तेव्हा चपला आटल्या म्हणालो. तू हसली नाहीस.

परवा औषधांच्या दुकानातल्या बाई तावातावाने आल्या. त्यांच्या कोटाची एक बाही मी चार बोटं आखूड कापली होती. माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. बोलता बोलता त्या थांबल्या. टेबलावर सोललेल्या पपनसाची वाटी होती आणि शेजारी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या.

"काका, हे दोन्ही घेता? चक्कर येते का?"

"जरा तरंगल्यासारखं होतं. छान वाटतं."

"छान कसलं! या फळात असं काही असतं, की तुमची ही गोळी पोटात मोडायची तेवढी मोडतच नाही. घेता एक, अंगात चढते दोन-तीन घेतल्यासारखी. रक्तदाब नको तितका उतरतो, पायही सुजतात."

"मग फळ सकाळी, गोळी रात्री?"

"उपयोग नाही, त्याचा असर दिवसभर राहतो. गोळी सोडू नका, फळ सोडा. आणि आजच डॉक्टरांना दाखवा."

बाहीचं भांडण राहूनच गेलं.

आता फोनवर जे सांगवत नव्हतं ते. त्या तरंगण्यात तुझी आई येते. दुपारचं ऊन कापडाच्या ठाणांवर सरकतं, भिंती जरा लांब जातात, आणि ती खिडकीपाशी बसून फोडींवरचं पांढरं साल काढत असते. फारसं बोलत नाही. एकदा म्हणाली, "टाचण्या तोंडात धरू नका." आवाज तोच, वैतागही तोच. मी इतका सुखावलो, की तिने पुन्हा रागवावं म्हणून दुपारभर टाचणी तोंडात धरून बसलो.

म्हणून बाई गेल्यावर मी ती वाटी संपवली. समजून-उमजून. डॉक्टरांकडे गेलो नाही. काल पुन्हा खाल्लं. ती आली, मी तिच्याकडे जायला उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आलो तेव्हा टेबलाखाली चिंध्यांत पडलो होतो, कात्री गळ्यापासून वीतभर अंतरावर. खिडकीत कोणी नव्हतं. मी घाबरलो, चिऊ. तुला न भेटताच जाईन म्हणून घाबरलो.

आज सकाळी डॉक्टरांकडे जाऊन आलो. फळ बंद. वाटी धुऊन पालथी घातली. आत्ता लिहिताना ऊन ठाणांवर आलंय, भिंती जागच्या जागी आहेत.

तू राहायला बोलावलंस की मी दुकानाचं निमित्त सांगायचो. सोडवत नव्हती ती तुझी आई.

झाडाची फळं मला चालत नाहीत, तुला चालतात. तू ये. खिडकीपाशी बसून सोल, मी नुसता बघत बसेन. टाचणी तोंडात धरलेलीच असेल. मला रागाव.

तुझी वाट पाहणारे,
बाबा