पुसून टाकलेली ओळ

दादा,

आपल्या कारखान्यात बनणारं कॉम्प्युटरचं जुनं मॉडेल आज कंपनीने कायमचं बंद केलं. नव्याला कीबोर्डच नाही, नुसतं स्क्रीनवर बोट फिरवायचं. म्हणजे बटणं तपासायचं माझं कामही संपलं.

कामावर लावलंस तेव्हा तूच शिकवलं होतंस, "मनात येईल ते टाइप कर, सगळी बटणं दाब आणि खोक्यात भरण्याआधी पुसून टाक." तू काम सोडल्यापासून अकरा वर्षं प्रत्येक मशिनवर मी आधी एकच ओळ लिहीत आले: 'दादा, ती मशिनं मी तपासली होती.' मग पुसायची.

त्या दिवशी गिऱ्हाइकांकडून परत आलेली चाळीस मशिनं साहेबांनी टेबलावर मांडली होती. "ही कोणी पास केली?" मी समोरच्या मशिनची बटणं दाबत राहिले. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. "मी," म्हणालास, डबा उचललास आणि चालता झालास. घरीही पुन्हा फिरकला नाहीस.

वहिनीने दिलेला तुझा पत्ता खणात आहे. तुला लिहिलेली पत्रंही त्याच खणात आहेत.

आज शेवटच्या मशिनवर ती ओळ लिहिली आणि पुसायला हात धजेना. तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले.

"हा दादा कोण गं?"

नोकरी तर गेलीच होती. आता भ्यायचं तरी कशाला होतं, सांग?

"कोणी नाही, साहेब," मी म्हणाले आणि ओळ पुसून टाकली.

तुझीच,
धाकटी