हाशिरसाठी द्यायची साक्ष

३ नोव्हेंबर, अल-खोबर, सौदी
पोचले बाई एकदाची. तीन वर्षांनी नातू पाहिला. हाशिर माझा, नुसता सुकलाय. गेल्या साली दोस्ताच्या गाडीत नशेच्या गोळ्या सापडल्या, शेजारी बसलेला म्हणून हाही धरला. कोर्टाने सोडला, पण अट घातली. वर्षभर दर महिन्याला लघवी तपासायची. खराब निघाली तर आत, मग कायमचं इंडियात. शेवटची तपासणी परवा. आता मी आलेय, काळजी नको. चौथी शिकले म्हणून काय झालं?

४ नोव्हेंबर, संध्याकाळ
पोराला झोप नाही. खसखशीची खीर केली, बदाम घालून. दोन वाट्या प्याला. रत्नागिरीला शेजारीण सांगत होती, खसखस तिकडे चालत नाही, धरतात. म्हणून पायमोज्यात घालून आणली. खसखस म्हणजे काय दारू आहे? हाशिरला म्हटलं, बदामाची आहे. उगाच घाबरवा कशाला.

६ नोव्हेंबर
अफू निघाली म्हणे. हाशिरला तिथेच ठेवून घेतलं. मशीन बिघडलं असणार.

७ नोव्हेंबर, जुम्मा
वकील आले. अरब आहेत, पण हिंदी छान बोलतात. म्हणाले, मुलाला हक्क आहेत. समजल्याशिवाय अरबी कागदावर सही करायची नाही, दुभाषा मागायचा, तपासणी पुन्हा मागायची. मग विचारलं, आदल्या दिवशी काय खाल्लं. मी कौतुकाने खीर सांगितली, कशी करतात तेही सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, यानेच झालं असेल. कोर्टात सांगितलं तर मुलगा सुटू शकतो. आणणारीला मात्र धरतील.
सून सादियाने उरलेली खसखस संडासात ओतली, तीनदा पाणी सोडलं.
मी सांगणार. ठरलं. सत्तरी उलटली, मला काय करतील?

९ नोव्हेंबर
बोलायची प्रॅक्टिस केली, हिंदीतून. बीपीच्या गोळ्या, दोन गाऊन, तसबीची माळ पिशवीत भरली. तिथे खाली झोपवतात का, असं मोहियुद्दीनला विचारलं. मुलगा माझा, पण उठून बाहेर गेला.

१२ नोव्हेंबर
हाशिरचा फोन. दोनच मिनिटं. “दादी, तू काही बोलू नकोस.” धीराचा आहे, माझ्यावर गेलाय. मी ऐकणार थोडीच.

१८ नोव्हेंबर
कोर्टात एसी फार. वकिलाने तपासणी पुन्हा मागितली. जजने विचारलं, कारण काय. वकिलाने आमच्याकडे पाहिलं. दुभाष्याने हिंदीत विचारलं, घरच्यांपैकी कुणाला काही सांगायचंय का. मी उठणारच होते. बाक भारी खोल, पाय उचलेना. दुभाष्याने परत विचारलं. मोहियुद्दीन जमिनीकडे बघत होता. हाशिरने माझ्याकडे बघून मान हलवली. नको म्हणूनच असणार.
एक वर्ष आत, मग इंडिया.
त्याला आतल्या दाराने नेलं. खलास, चला, म्हणाले सगळे. मी उठले. आधाराला कुणाचा हात लागला नाही.