बाथटबमधला कॅन

प्रिय अहो,

काल सकाळी तुमच्या कॅनची गुडगुड थांबली, म्हणून लिहायला बसले आहे. एरवी ही बातमी मी ऑफिसात फोन करून दिली असती आणि तुम्ही "हळू बोल गं!" म्हणून दटावलं असतंत.

हा बिअरचा घाट घातलात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परत आलाच नाहीत. खुर्चीतच गेलात म्हणे. इतकी कसली घाई झाली होती? घरात रडारड, फोन, तुमचं तेरावं, आणि तिकडे बाथटबमध्ये ओल्या पंच्यात गुंडाळलेला तुमचा पाण्याचा मोठा कॅन आपला गुडगुडतोय! बुचातून निघालेली फिश टँकची नळी, तिचं टोक पाण्याच्या ग्लासात आणि त्यातून एकामागून एक बुडबुडे. माणूस गेला तरी याचं चालूच, म्हणून आधी संताप आला. मग तोच आवाज ऐकायला मी बाथरूमचं दार उघडं ठेवायला लागले.

मोहनभावजी पुण्याहून मला आणि अनूला न्यायला आलेत. परवा म्हणाले, "वहिनी, आधी ती बिअर ओतून टाकू. इथे घरी दारू करणं गुन्हा, वॉचमनला वास आला तर नसती भानगड." आणि तुमचे शुक्रवारचे दोस्त नायर, दर वेळी पहिला ग्लास ज्यांचा, तेही त्यांच्याच बाजूचे! "भाभी, खलास करो. अब कौन पिएगा?"

कॅन ओतला की पाठोपाठ पडदे उतरणार, भांडी खोक्यांत जाणार आणि आखातातलं, मनखूलचं हे घर आवरलं जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. तेवढ्यात अनू बाथरूममधून ओरडली, "आई, इट्स स्टिल बबलिंग!" मी म्हटलं, "त्याला कुणी हात लावायचा नाही."

अहो, तो गणपती आठवतो? दोस्तांना पाजायची घाई म्हणून बुडबुडे थांबायच्या आधीच बाटल्या भरल्यात, आणि ठेवल्यात कुठे, तर मखराच्या टेबलाखाली! का, तर एसीचा गारवा तिथेच जास्त आणि चादर जमिनीपर्यंत. आरती ऐन रंगात आली आणि धाड! धाड! चादरीखालून फेसाचा ओघळ थेट जोशीकाकूंच्या पायापर्यंत. तुम्ही डोळे मिटून टाळ्या वाजवत राहिलात आणि पुसायला कोण? मी!

म्हणून या वेळी अजिबात घाई केली नाही. उंच ग्लासात थोडी बिअर काढून तुमचा साखर मोजायचा काचेचा हायड्रोमीटर सोडला. काल आणि आज तो एकाच रेघेवर थांबला, म्हणजे आंबणं संपलं, तेव्हाच बाटल्या काढल्या. उकळून घेतल्या, प्रत्येकीत अर्धा चमचा साखर घातली, नळीने बिअर भरली. बुचं दाबायच्या यंत्रावर माझा जोर पुरेना, तेव्हा नायर पुढे आले. भावजी वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते, पण शेवटी बाटल्या पुसायला तेच बसले.

तळाशी यीस्टचा गाळ उरला. तुम्ही तो दर वेळी फेकून द्यायचात आणि बेकरीतून नवं यीस्ट आणायचात. मी किती वेळा सांगितलं, विरजणाला ठेवतो तसा चमचाभर बाजूला ठेवा! तुम्ही नुसते हसायचात. आज मी तो बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवलाय, दह्याच्या शेजारी.

भावजींना सांगितलं, "परतीचं तिकीट तुमचं एकट्याचं." माझी शाळेतली नोकरी आहे, व्हिसा शाळा करून देतेय. अनू आणि मी इथेच राहणार.

बाटल्या मुरल्या की शुक्रवारी नायर येतील. आयुष्यभर तुम्ही "एक घोट तरी घे" म्हणून मागे लागलात आणि मी नाक मुरडलं. पण चव कळल्याशिवाय पुढचा कॅन कसा लावायचा? तेव्हा पहिला ग्लास माझा. आणि तुम्ही लावलेलं हे विरजण मी मरू देणार नाही, हा माझा शब्द.

तुमचीच,
शैला