हरला तरी घरी येत नाही

मु. भाजे

तीर्थरूप बयाआक्कास,

धाकट्या अंबाजीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? (विड्या सोडल्यात म्हणत असतील तर खिसे तपासत जा.) राजेश्वरीही तुला नमस्कार सांगते आहे. माझी कंबर चार दिवस धरली आहे, पण त्याचं कारण फोनवर विचारू नकोस. तू फोन स्पीकरवर लावतेस आणि निवृत्तीभाऊ तुमच्याच ओट्यावर बसलेले असतात, म्हणूनच हे पत्र लिहितो आहे.

आमच्या ओंकारला मोबाइलवर गोळीबार खेळायचा पगार मिळतो, हे मी अजून गावात मोकळेपणानं सांगत नाही. कुणी विचारलंच तर लोणावळ्याला कंपनीत आहे म्हणतो. त्या कंपनीचं नाव घाटमाथा लीग. आठ संघ, दर संघाला एक बंगला, आणि बंगल्यात पाच-पाच पोरं दिवसभर माना खाली घालून बसलेली. मळवली ते लोणावळा मधे एक स्टेशन नाही, तरी पोरगा दिवाळीपासून घरी धड जेवायला नाही, कारण काय, तर सीझन चालू आहे. आपल्याकडचा सीझन पावसाळ्यात येतो, धबधब्याखाली भिजतो आणि कचरा टाकून जातो. यांचा सीझन आला की जायचं नावच घेत नाही.

आता तू आणलेलं प्रेरणाचं स्थळ. दिराची लेक तू आमच्या घरात देतेस, हा तुझा मोठेपणा. पण माघातली तारीख सीझननं खाल्ली, फाल्गुनातली खाल्ली, आणि निवृत्तीभाऊंनी तीन मे धरून बजावलं की आता तारीख हलली तर स्थळ मोडलं समजा. त्यांचं काही चुकत नाही. लेकीचा बाप किती वेळा मांडववाल्याची माफी मागणार?

त्या तारखा खाल्ल्या कुणी, ते आज तुला सांगून टाकतो. (निवृत्तीभाऊंना नको.) लीगनं दिवाळीनंतर जाहीर केलं होतं की सीझन सुधारायचा आहे, सूचना पाठवा. मी कशाला पाठवतो, धोतर बदललं आणि स्वतःच गेलो. तिथं सुरज नावाचा लॅपटॉपवाला मुलगा बसतो, फार नम्र. त्याला म्हटलं, बाबा रे, पोरं लग्नाची आहेत, मधे महिनाभर सुट्टी ठेव. त्यानं लिहून घेतलं आणि खरोखर सुट्टी दिली, पण भर पौषात. एक मुहूर्त नाही, आणि सीझन महिनाभर लांबला तो वेगळाच. माघ असा गेला.

मग मी एकवीरेला नारळ बोललो, आई, पोरगा हरू दे. (बापानं असलं मागू नये, पण तारखेचा प्रश्न होता.) देवी पावली, ओंकारचा संघ हरला. गड चढून नारळ फोडला, राजेश्वरीनं पुरण घातलं, आणि आम्ही दोघं दारात उभे. पोरगा आलाच नाही. चौकशी केली तर म्हणे हरलेल्यांची खालची फळी असते, तिथं हरलेले हरलेल्यांशी खेळतात आणि त्यातला जिंकलेला परत वर जातो. मी तडक सुरजकडे गेलो. म्हटलं, लय झालं, हरला तो घरी गेला पाहिजे, असा नियम कर. त्यालाही ते पटलं, पण असं एकदम घालवणं बरं दिसत नाही म्हणून त्यानं निरोप सप्ताह काढला. रोज एका संघाचा सत्कार, शाल, श्रीफळ, चार भाषणं आणि एक मैत्रीपूर्ण सामना. फाल्गुन त्यात गेला.

तिसऱ्या वेळी मी त्याला आपला बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट समजावून सांगितला. गाडा एकटा पळतो, घड्याळाशी. बारा सेकंदांत आला तर पहिल्या नंबरात, तेरात आला तर दुसऱ्या. कुणाचं कुणाशी भांडण नाही, दिवस मावळायच्या आत निकाल आणि बैल आपापल्या गोठ्यात. सगळा सीझन एका दिवसात उरकेल, म्हटलं. सुरज भारावून गेला. मला गळ्यात अडकवायचं कार्ड दिलं, त्यावर फॉरमॅट सल्लागार असं छापलंय. (राजेश्वरीनं ते देव्हाऱ्यापाशी टांगलंय.) पण मागचं एकही कमी न करता त्यांनी शेवटी आठ दिवसांची घाट फेरी जोडली, बाद झालेल्या संघांसाठी. ज्याची वेळ सगळ्यात कमी, तो थेट अंतिम सामन्यात. मी काट मारायला गेलो आणि त्यांनी मलाच बेरजेत धरलं.

तोवर ओंकार पुरता बाद होऊन घरी आला होता. दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मोडली आणि घाट फेरीचं बोलावणं आलं. सल्लागार म्हणून मलाही जावं लागलं.

बाकी सगळं क्षेम. पत्रिका छापायला दिल्यात, तीन मे पक्की आहे. दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि कोकमाची बरणी परत पाठव.

तुझा धाकटा,
अंबाजी

ता. क. पत्रिका छापायला दिल्यात असं वर लिहिलं, पण अजून दिलेल्या नाहीत. ओंकारचा संघ घाट फेरीत पहिला आला, अंतिम सामना तीन मेलाच आहे. आक्का, पोरानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जिंकलंय, आणि ते मी बघितलंय. मला त्याला मांडवातून उठवून न्यायचं नाही आणि मांडवात बांधूनही ठेवायचं नाही. तेवढी दहा मे करून दे. पुढं अधिक महिना लागतोय, मग काही खरं नाही. तुमच्या सुदुंबऱ्यात तुझा शब्द मोडत नाहीत. एकवीरेला दुसरा नारळ बोललोय, या वेळी उलटा.

ता. क. २. निवृत्तीभाऊंनी कारण विचारलं तर माझी कंबर सांग, नवरदेवाच्या बापाला उभं राहवत नाही म्हणावं. ते खोटं नाही. ओंकारची वेळ फळ्यावर लागली तेव्हा मी खुर्चीवर उभा राहून शिट्ट्या मारत होतो. खुर्ची प्रेरणानं धरली होती. तिनं उडी मारली म्हणून खुर्ची सुटली आणि मी कमरेवर आपटलो. एवढं मात्र तिच्या वडलांना सांगू नकोस, त्यांना वाटतंय ती त्या दिवशी क्लासला गेली होती.