दुसऱ्या ओळीनंतरचा थांबा

आदरणीय दाजींस,

मनापासून सलाम. ताईलाही सांगा, आणि तिच्या गुडघ्याला माझ्यातर्फे वेगळा सलाम सांगा. मागच्या खेपेला आमचा जिना उतरताना तो असा वाजला की मी बसल्या जागी ओळखलं, डावा आहे आणि आतलं वंगण आटलंय. (डॉक्टरांनी पुढे तेच सांगितलं. त्यांना त्यासाठी आधी फोटो काढावा लागला.) तुमचा खोकला कसा आहे? आमच्या हिच्याकडून कळतं की तो आता फक्त उपदेशाच्या वेळी येतो, गाण्याच्या वेळी नाही. म्हणजे तब्येत सुधारते आहे. इकडे सगळं बरं. दुकानात दुरुस्तीला आलेल्या पंपांची रांग दारापर्यंत लागली आहे, माझी भूक शाबूत आहे, झोपही आहे. पत्राला खास कारण असं काही नाही. रविवारची दुपार मोकळी होती, कागद समोर होता, म्हणून बसलो.

मी अकरा महिने आपल्या चर्चच्या मंडळीत पाय ठेवलेला नाही हे तुम्हाला सांगायला नको, कारण चौथ्या बाकाचं डावं टोक तुमच्या पायपेटीवरून नाकासमोर दिसतं. त्या शनिवारी गाण्याच्या सरावाला तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून सगळ्यांसमोर म्हणालात, "मेहुणे, तुमच्या एका आवाजासाठी अख्खी मंडळी खोळंबते." शिंपीणबाई तोंडाला पदर लावून हसल्या, पाळकसाहेब गीतांच्या पुस्तकात तोंड घालून हसले, आणि मी पुस्तक मिटून बाहेर पडलो. आता बघा, मी शून्यातून वर आलेला माणूस. वीस पावलांवरून मोटर ऐकून बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगतो, लोक चार गावांहून पंप घेऊन माझ्याकडे येतात ते माझ्या हातासाठी नाही, कानासाठी. अशा माणसाला तुम्ही उशिरा गातो म्हणालात. घरी येऊन मी हिला जाहीर केलं की जगात चर्च काही एकच नाही, मी आता दुसरी बघतो. ती म्हणाली, "बघा की. मी माझ्या बाकावर बसते." पुढे दर रविवारी ती दारात उभी राहून मला विचारायची, "आज कुठे?" जसं काही मी भाजी आणायला निघालोय.

पहिल्यांदा गेलो त्या मोठ्या दगडी चर्चमध्ये, जिथे दारातून आत शिरताना माणूस आपोआप बुटकं होतं. दाजी, खोटं सांगत नाही, मी आयुष्यात असं छप्पर पाहिलेलं नाही. म्हणजे पाहिलं असेल, ऐकलेलं नाही. उपासना सुरू व्हायच्या आधी मी हळूच एक टाळी वाजवली (तिथल्या किल्लीवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी वाजवायची हिंमत झाली नाही) आणि मोजत बसलो. सात मोजेपर्यंत ती टाळी वर फिरत होती. कुठल्या तरी गवंड्याने कधी काळी दगडावर दगड ठेवताना आवाजालाही राहायला खोली बांधून दिली होती. माझ्या अंगावर काटा आला. मग गाणं सुरू झालं, दोनशे माणसं एका श्वासात गायली, एका श्वासात थांबली, आणि त्यांच्यानंतर माझा एकट्याचा शेवटचा शब्द खांबांना घासत वर चढला, छपराला भेटला आणि सात मोजून सगळ्यांच्या डोक्यावर परत उतरला. मी मान खाली घातली. पण कुणी मागे वळून पाहिलं नाही. चार रविवार गेलो, चारही वेळा तसंच झालं, चारही वेळा कुणी पाहिलं नाही. आपल्याकडे किमान तिघांनी पाहिलं असतं आणि एकाने संध्याकाळी घरी येऊन विचारलं असतं की घसा बसलाय का. ते छप्पर आजही आठवलं की छाती भरून येते. पण मला तिथे ओळखणारं तेवढं एक छप्परच होतं.

मग गेलो ते फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये जे चर्च भरतं तिथे. ढोल, गिटार, माणसाएवढाले स्पीकर, आणि गाण्याचे शब्द भिंतीवर उजेडात. दारातच एका हसऱ्या बाईंनी माझ्या खिशावर 'पाहुणा' अशी चिठ्ठी चिकटवली. मी म्हटलं, इथे कान जाणार. पण चारशे माणसांनी हात वर केले तेव्हा कान गेले नाहीत, दाजी, माझेही हात वर गेले. माझ्या शेजारी एक हमाल उभा होता, मानेवर ओझ्याचा घट्टा, आणि तो लहान मुलासारखा उघड रडत होता. त्याने मी कोण, काय, काहीही न विचारता माझा हात धरला आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही. इतका खरा हात मी फार कमी वेळा धरलाय. अडचण एवढीच की मी शब्द म्हणायला जावं तो भिंतीवरून पुसलेला, पुढची ओळ आलेली. मी आपला गेलेल्या शब्दाच्या मागे पळतोय. पुढच्या रविवारी मी त्या हमालाला चारशे माणसांत शोधलं, सापडला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. त्या हसऱ्या बाई मात्र तितक्याच प्रेमाने दारात उभ्या होत्या. सातव्या रविवारी त्यांनी माझ्या खिशावर 'पाहुणा' चिकटवलं आणि विचारलं, "पहिल्यांदाच आलात ना?" मी हो म्हटलं. त्यांचा हिरमोड कशाला करा.

तिसरी मंडळी मौनवाल्यांची. हे मला आमच्या दुकानात मोटरच्या तारा गुंडाळणाऱ्या कारागिराने सुचवलं. म्हणाला, "मालक, तिथे कुणीच गात नाही, मग तुम्हाला उशीर कसा होणार?" पंधरावीस माणसं एका साध्या खोलीत गोल बसतात आणि तासभर काही बोलत नाहीत. ज्याला आतून सांगावंसं वाटेल त्याने उभं राहून सांगायचं, नाहीतर तेही नाही. पहिली दहा मिनिटं मला शेजाऱ्यांची पोटं ऐकू येत होती. मग घड्याळ. मग बाहेर कुणी तरी बादली ठेवली ती. आणि मग, दाजी, ती शांतता हळूहळू जड होत खांद्यांवर उतरली, भिजलेल्या घोंगडीसारखी, पण ऊबदार. मला माझे वडील आठवले, आणि रागाने आठवले नाहीत, हे प्रथमच. मी त्या खोलीला मनात हात जोडत होतो तेवढ्यात वर पंखा ऐकू आला. कुर्र, टक. कुर्र, टक. मी स्वतःला आवरलं. जितकं आवरलं तितकं ते वाढलं. शेवटी माझ्या नकळत मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बेअरिंग गेलंय. आणखी फार तर महिनाभर."

कुणी हललं नाही. मी बसलो. पाच मिनिटांनी समोरचे एक म्हातारे पोस्टमास्तर काठी टेकत उठले, म्हणाले, "आपल्या सगळ्यांचंच," आणि डोळे पुसत खाली बसले. निघताना एक नर्सबाई माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या की आज फार खोल शब्द मिळाला. पुढच्या रविवारी शिडी नेऊन बेअरिंग बदललं, पंखा लोण्यासारखा फिरायला लागला. दोन आठवड्यांनी पोस्टमास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तो आवाज परत आणता येईल का हो? त्याच्यावर आमचं मन लागायचं." मी हसलो. घरी येताना मात्र हसू कुठे तरी अडकलं. पण का, ते तेव्हा नीट समजलं नाही. समजलं ते दोन रविवारांपूर्वी.

झालं असं की ही चष्मा घरी विसरून आपल्या चर्चला गेली. (विसरली की ठेवून गेली हे मी अजून विचारलेलं नाही.) मी चष्मा खिशात घालून निघालो. म्हटलं, आत जायचं नाही, कुणाच्या तरी हाती द्यायचा आणि परत फिरायचं. पोहोचलो तर दार लोटलेलं आणि गाणं चालू. मी खिडकीखाली उभा राहिलो, तिथे मीच बसवलेला पाण्याचा पंप आहे त्याच्याजवळ. ते जुनं चार कडव्यांचं गीत होतं. पहिली ओळ झाली. दुसरी ओळ झाली. आणि सगळे थांबले.

एकच ठोका. फार तर अर्धा श्वास. मग तिसरी ओळ. मला वाटलं पायपेटीचा भाता अडकला. दुसऱ्या कडव्याला कान लावला. भाता भरलेला होता, तुमचा पाय चालू होता (पायटा करकरतोय, त्यावर पुढे लिहितो), आणि दुसऱ्या ओळीनंतर शंभर माणसं पुन्हा थांबली. शिंपीणबाईंचा बारीक आवाज थांबला, पाळकसाहेबांचा थांबला, मागच्या बाकावरची चिल्लीपिल्लीही थांबली. त्या फटीत कुणीच गात नव्हतं. ती फट माझ्या मापाची होती.

दाजी, तुम्हाला आठवत असेल, तुम्हीच मला हाताला धरून त्या चौथ्या बाकावर बसवलंत. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. शेजारी सुतारकाका असायचे, मोठ्याने गायचे, मी त्यांच्या तोंडचा शब्द ऐकायचा आणि मग म्हणायचा. पहिली ओळ आखूड, ती जमून जाई. दुसरी लांब, तिच्या शेवटी मी एक शब्द मागे पडे. पुढे हिने मला वाचायला शिकवलं, सुतारकाका गेले, दुकान झालं, नाव झालं, पण तो शब्द तिथेच मागे राहिला. आणि सव्वीस वर्षं तुम्ही सगळे माझ्यासाठी थांबत आलात. हे मला, या कानवाल्याला, एकदाही ऐकू आलं नाही. कसं येणार, ती जागा मी स्वतःच भरून टाकत होतो. त्या शनिवारी तुम्ही जे बोललात त्याला मी टोमणा समजलो. तुम्ही फक्त माप सांगत होतात.

सात मोजणारं छप्पर मी पाहिलं, चारशे हात पाहिले, ती घोंगडीसारखी शांतता पाहिली. त्या सगळ्यांपुढे मी अजूनही नम्र आहे. पण अकरा महिने रिकामी ठेवलेली एका शब्दाची जागा, ती मी दुसरीकडे पाहिली नाही. मी भिंतीला हात लावून उभा होतो. चौथ्या कडव्याला मला राहवलं नाही. दुसऱ्या ओळीनंतर खिडकीखालून माझा शब्द गेला. आतलं गाणं एक क्षण डगमगलं, तिसऱ्या ओळीत कुणी तरी हसलं, आणि मी स्कूटर काढून पळालो, चष्म्यासकट. ही दुपारी घरी आली, ताट वाढलं आणि एवढंच म्हणाली, "आज बाहेर कुणी तरी गात होतं. चांगला आवाज होता. जरा उशिरा गात होता."

असो. पत्र फार लांबलं. ताईला सांभाळा, जिन्याला कठडा लावून घ्या.

तुमचा मेहुणा

ता. क. चौथ्या बाकाच्या डाव्या टोकाला सध्या कुणी बसतं का, हे सहज विचारतोय. बसत असेल तर बसू द्या, उठवू नका. नुसतं कळवा.

आणखी एक. गेले दोन आठवडे मी दुकानात लेथ चालू ठेवून त्या ठेक्यावर सराव केला आणि आता मला वेळेवर गाता येतं. अगदी चोख. कारागीर साक्षीदार आहे. पण मग विचार केला, मी वेळेवर गायलो तर ते शंभर लोक त्या फटीत काय करणार? म्हणून ठरवलंय की आलोच तर उशिराच गाईन. हे कुणाला सांगू नका.

शेवटचं, आणि खरं तर कामाचं. पायपेटीचा पायटा फार करकरतो, खिडकीबाहेर ऐकू आला म्हणजे आतल्यांची काय दशा असेल. येत्या रविवारी मी अर्धा तास आधी येऊन तेल घालतो. त्यासाठी बाजूचं दार उघडं ठेवाल का? मोठ्या दाराने नको, लोक बघतात. कुणी विचारलं तर सांगा, दुरुस्तीला आलाय. काम झाल्यावर लगेच निघायलाच हवं असं नाही, उपासना सुरू झालीच तर मध्येच उठणं बरं दिसणार नाही. (दुकानातली तेलाची छोटी कुपी कुठे गेली कळत नाही. नवी आणतो.)

दाजी, ह्यांनी पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून चार ओळी मीही लिहिते. कुपी माझ्या पिशवीत आहे. पायट्याला मी मागच्याच रविवारी तेल घातलं, तुम्ही म्हणालात ना की आता अगदी हलका चालतो. ह्यांना बोलू नका. दार तेवढं उघडं ठेवा, बाजूचं नको, मोठं.