सॉकेटमधला वारा

८ नोव्हें., शनि.
आईच्या खोलीत व्हॅक्यूम करायला गेले, तर सॉकेटच्या चारी कडांतून कापूस डोकावतोय. देवाच्या वातींचा कापूस! "कशानं कोंबलास?" तर शांतपणे म्हणाली, "आकड्यानं." केसांतल्या. लोखंडी. मेन बंद केला, सगळा उपसून काढला आणि नको तितकं ओरडले.
"भिंतीतून वारा येतो गं. पाठ धरते." दोन आठवडे हेच सांगतेय. मी आपली स्वेटर घाल, मोजे घाल.
संध्याकाळी म्हणाली, "मार्चचं परतीचं विमानाचं तिकीट अलीकडचं करून दे."
नागपूरला कोण आहे तिचं? बाबा गेल्यापासून दाराला कुलूप. नाही जाऊ देणार.

९ नोव्हें., रवि.
सॉकेटपाशी गाल नेला. खरंच येतो. बारीक, पण सुरीसारखा. आणि बरोब्बर तिच्या उशीवर.
सॉरी म्हटलं. "चहा टाक," म्हणाली.
घरभाड्याच्या एजन्सीला मेल, फोटोसकट.

११ नोव्हें., मंगळ.
एजंटबाईचं उत्तर : लाइफस्टाइल इश्यू. स्वयंपाक करताना खिडक्या उघडत जा.
वारा येतो म्हटलं तर खिडक्या उघडा! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
नवरोबा नि. म्हणतो, "जाऊ दे ना, रेंटेड घर आहे. जानेवारीत काँट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय. एक हीटर आणू."
हीटर नाही आणायचा. भिंत बुजवायची. भाडं आपण भिंतीचंही देतो.

१५ नोव्हें., शनि.
फोमच्या चकत्या आणल्या. प्लेट काढायची, बॉक्सभोवतीची फट भरायची, चकती ठेवून प्लेट परत बसवायची. अर्ध्या तासाचं काम. नि.नं अॅग्रीमेंट पुढ्यात टाकलं : इलेक्ट्रिकला भाडेकरूनं हात लावायचा नाही. वर स्क्रूड्रायव्हर लपवला. माझ्याच घरात!
ठीक. हात नाही लावत. तोंडाला कुठे बंदी आहे? रोज एक मेल.
आईनं पलंग ओढून खोलीच्या मधोमध आणलाय. कपाट आता अर्धंच उघडतं.

१८ नोव्हें., मंगळ.
एजंटबाई आली. पाचव्या मेलनंतर. सॉकेटसमोर तळवा धरला. "आय काण्ट फील एनीथिंग."
मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई देवघरातली उदबत्ती घेऊन हजर. खाली बसली (दुखऱ्या गुडघ्यांसकट!) आणि उदबत्ती सॉकेटपाशी धरली. सरळ वर जाणारा धूर तिथं आडवा झाला आणि पलंगाकडे निघाला.
"हिला सांग, हात नको दाखवू. धूर बघ म्हणावं."
सांगितलं.
"इन्सेन्स इज नॉट अलाउड इन द प्रॉपर्टी."
"विच क्लॉज?"
टॅबवर बराच वेळ शोधलं बाईनं. मेणबत्त्या निघाल्या, उदबत्ती नाही. शेवटी धुराचा व्हिडिओ घेतला. इलेक्ट्रिशियन पाठवेल, इन ड्यू कोर्स. म्हणजे यथावकाश.
ती गेल्यावर आई आणि मी इतक्या हसलो की नि. वर्क कॉल सोडून वर आला.

२० नोव्हें., गुरु.
ड्यू कोर्स चालू आहे.
नि. मऊ झालाय. "आई, तुम्ही हॉलमध्ये झोपा, तिथे गरम आहे."
"निखिलराव, मला दिलेली खोली ती. हॉलमध्ये का झोपू?"
स्क्रूड्रायव्हर परत ड्रॉवरमध्ये दिसला.

२३ नोव्हें., रवि.
सकाळी मन घट्ट करून एअरलाइनची साइट उघडली. तिकीट बदलून द्यायचं आईला कबूल केलं होतं. मागच्या रविवारी. इथे लिहिलं नव्हतं, लिहवलं नाही. तारीख निवडायला आईला हाक मारली.
आली, चष्मा लावला, स्क्रीनकडे बघितलं. "बंद कर ते."
"अगं, तूच तर..."
"भिंत बुजल्याशिवाय मी हलत नाही. त्या बाईला वाटेल, म्हातारी गेली, तक्रार गेली."
आणि गेली कणीक भिजवायला.

२४ नोव्हें., सोम.
एजंटबाईचा मेल. इलेक्ट्रिशियन उद्या सकाळी नऊला.
पंधरा दिवस ज्यासाठी भांडले, ते मिळालं. नि.ला सांगितलं, "येस!" म्हणाला.
आईला अजून सांगितलेलं नाही.