पुडीवालीचं नाक कापायचा बेत

४ मे, सकाळी
ठरलं. पुडीवालीचा सूड घ्यायचा. बावीस वर्षं डेअरीत दही मी लावलं, आईच्या विरजणानं. आई गेल्यावर तिचं तेवढंच उरलंय. जानेवारीत ही लॅबवाली टपकली, पुडीतले पाळीव जंतू दुधात सोडले. मालक म्हणतात, दही घट्ट झालं, पाणी सुटत नाही. आणि मला क्रेट धुवायला बसवलं. मला!

५ मे
दहा तारखेला हॉटेलवाले चव बघायला येणार. आदल्या दिवशी तिची पुडी मोरीत, माझं घरचं विरजण टाकीत. सगळे वाहवा करतील, मग मी उठणार. भर सभेत नाक कापणार. भाषण लिहायला घेतलं.

७ मे
बायकोला बेत सांगितला. चेहरा पडला तिचा. म्हणे, कशाला नसत्या भानगडी. बायकांना सुडातलं काही कळत नाही.

९ मे, दुपारी
फत्ते! डबाभर विरजण टाकीत. तिची पुडी मोरीत.

१० मे
चमचा उभा राहील असं दही! हॉटेलवाल्यांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या. उठलो, डबा उंच धरला, सांगून टाकलं की हे माझ्या आईचं विरजण, त्या जंतूंना घाला चुलीत. (चूल भाषणात नव्हती. ऐन वेळी सुचली.) पुडीवाली डबा घेऊन लॅबमध्ये गेली. तोंड लपवायला, दुसरं काय.

१२ मे
रिपोर्ट आला. डब्यात तिचेच जंतू. शुद्ध लबाडी! घरी येऊन बायकोपुढे थयथयाट केला. ती मान खाली घालून म्हणाली, लबाडी नाही. फेब्रुवारीतच आईंच्या विरजणाला तार सुटली, वास यायला लागला, तिनं ओतून दिलं. तेव्हापासून डेअरीच्याच दह्याचं विरजण लावतेय. मी आईच्या हातची चव म्हणून डोळे पुसायचो, म्हणून तिला सांगायचा धीर झाला नाही.

१३ मे
मालकांनी माफीनामा लिहून घेतला. क्रेट कायम. चालेल. पण आईचं विरजण गेलं, ते सोसवत नाही.
मुकाट्यानं लॅबमध्ये गेलो. विचारलं, परत आणता येईल का. पुडीवाली, म्हणजे मॅडम, म्हणाल्या, नाही. थोडा नमुना असता तर फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं जपला असता. जानेवारीत त्यांनी दोनदा मागितला होता म्हणे, आणि मी म्हणालो होतो, मेलो तरी देणार नाही.
असं मी बोलेनच कसा? घरी येऊन जानेवारीची पानं काढली. बोललोय. खाली दोन रेघाही मारल्यात.